उघड्या पेटीची चाचणी

ताईंचा पगार कंपनीचा आणि सही सरकारची. ऐकणाऱ्याला वाटतं, हे काय त्रांगडं! पण नवं विमान पास करायचं तर त्याचा एकूण एक भाग तपासायला सरकारने माणसं आणायची कुठून? म्हणून कंपनीतल्याच काही जाणकारांना सरकार आपल्या वतीने सही करायला नेमतं. ताई बॅटरीसाठी नेमलेल्या. म्हणजे ज्यांच्याबरोबर रोज चहा प्यायचा, त्यांनाच ‘नाही’ म्हणायचं. आहे का सोपं?

त्यातून या विमानाच्या बॅटरीची पेटी आप्पांची. ताईंना हाताला धरून काम शिकवलं ते यांनीच. निवृत्तीआधीचं शेवटचं काम म्हणून त्यांनी त्या पेटीत जीव ओतला होता.

चाचणी साधी होती. पेटीतल्या एका सेलमध्ये मुद्दाम खिळा खुपसून तो पेटवायचा. शेजारच्या सेलना आग लागली नाही की पेटी पास. खिळा घुसला, भसाभसा धूर निघाला, शेजारी मात्र ढिम्म. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चित्रणही अगदी झकास आलं.

ते बघता बघता ताईंनी कपाळाला हात लावला. “आप्पा, झाकण कुठंय?”

“अगं, झाकण लावलं तर कॅमेऱ्याला काय दिसणार, कप्पाळ?”

“पण विमानात झाकण असणारच ना! इथे सगळी धग वरून निघून गेली.”

नीट दिसावं म्हणून आजवर झाकण काढतच आले होते, त्यात काही चुकतंय हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. साहेब म्हणाले, “ताई, विमानाची तारीख ठरलीय हो.” आप्पांनी एवढंच विचारलं, “माझ्यावर विश्वास नाही?”

ताई म्हणाल्या, “तुमच्यावर आहे. पेटीवर नाही.”

झाकण लावून चाचणी झाली. बघायला होती ती फक्त पडद्यावरची तापमानाची रेघ. ती चढत गेली, जरा थबकली आणि दुसरा सेल पेटला. मग तिसरा. आप्पा उठून निघून गेले.

निरोप समारंभात त्यांनी शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांचे आभार मानले, ताईंना तेवढं वगळलं. ताई टाळ्या वाजवत राहिल्या आणि घरी येऊन ढसाढसा रडल्या.

पेटी दुसऱ्यांनी नव्याने बनवली. सेलच्या मधे जाड पडदे आले, धूर बाहेर सोडायला नळी आली. बंद पेटीची चाचणी पास झाली, ताईंनी सही केली, विमान उडू लागलं. आप्पांचा मात्र फोन नाही की निरोप नाही.

एक दिवस आप्पांच्या बायकोचा, काकूंचा, फोन आला. “नात यायचीय गं, त्याच नव्या विमानाने. हे अडून बसलेत. म्हणतात, आधी विचार, बॅटरीवर सही कुणाची?”

“माझीच, काकू.”

काकूंनी तोंड वळवून सांगितलं, “तिचीच आहे हो!”

मग मागून आप्पांचा आवाज आला, “मग काढ तिकीट.”