ताईची सतरावी ओळ

माझी थोरली बहीण कॉलेजात गणित शिकवायची आणि मी घराच्या पुढच्या खोलीत कपडे शिवायचे. हट्टी दोघीही, पण तिच्यापुढे मी म्हणजे काहीच नाही. तिशीतच तिने एक प्रमेय सिद्ध केलं. ते मोठ्या नियतकालिकात छापून आलं, आणि तेव्हापासून लोक तिला त्या प्रमेयावरूनच ओळखायचे.

पन्नाशीत विभागप्रमुख म्हणून तिचं नाव पुढे आलं. मुलाखतीसाठी मी तिला नवा कोट शिवत होते. मापं देता देता ती म्हणाली, "त्या प्रमेयाच्या सिद्धतेत सतराव्या ओळीत मी 'हे उघडच आहे' असं लिहिलंय. ते उघड नाहीये गं. तिथं चुकलंय."

"वीस वर्षांत कोणाच्या लक्षात आलं?"

"नाही."

"मग गप्प बस की! कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय," ती म्हणाली, आणि त्याच दिवशी नियतकालिकाला चूक कबूल केल्याचं पत्र टाकून आली. प्रमुखपद अर्थातच गेलं. मी अशी भडकले म्हणून सांगू! आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला बाईने. महिनाभर तिच्याशी धड बोलले नाही.

ती मात्र दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिल्या ओळीपासून बसली. कॉलेजातून आली की माझ्या कापायच्या टेबलाचा कोपरा अडवायची आणि लिहिलेली ओळ न् ओळ मला वाचून दाखवायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माझं काम एकच, "कशावरून?" असं विचारायचं. उत्तर आलं तर ओळ राहायची, ती अडखळली की खोडायची. अशी आठ वर्षं गेली. कॉलेजातली पोरं मागून "उघडच आहे, बाई!" म्हणून चिडवायची. तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

निवृत्तीला चार दिवस उरले आणि ती म्हणाली, "झालं." नोकरीत असतानाच पाठवायचं, गेलेलं नाव परत घेऊनच बाहेर पडायचं, असं आमचं ठरलेलं. ती वाचत होती, मी काजं करत विचारत होते. सव्विसाव्या पानावर एक ओळ तिने भरभर वाचली. शिवण चुकली की मी गिऱ्हाइकासमोर कपड्याची पटकन घडी घालते ना, अगदी तशी.

"थांब. ही परत वाच."

तिने वाचली. चेहरा पडला. "धाकटे, चारच दिवस राहिलेत. कोणाला कळणार आहे?"

तिचं नाव तिच्याहून मलाच जास्त हवं होतं, खोटं कशाला सांगू! तरी तोंडातून गेलंच, "मला कळलंय, ताई."

तिने पेन उचललं आणि ती ओळ खोडली.

निरोपाच्या दिवशी तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. घरी आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "सरक, कोपरा दे."

आणखी चौदा महिने लागले. छापून आलं तेव्हा तिच्या नावाखाली कॉलेजचं नाव नव्हतं. माझ्या शिलाईच्या खोलीचा पत्ता होता.