माझ्या करारातली एक ओळ

‘करार’ हा शब्द मला सातवीच्या, म्हणजे तेव्हाच्या फायनलच्या, इतिहासाच्या पुस्तकात भेटला तेव्हा तो राजेलोकांचा होता. लढून दमले की ते करार करत आणि पुढच्या धड्यात मोडत. नीट अर्थ विचारायला मी अब्बांकडे गेले. नंदुरबारात आमचं पिंजाऱ्याचं घर. अब्बा कापूस पिंजत, गाद्या भरत, आणि घरची बोली चारचौघांसारखी अहिराणीच. हातातलं काम थांबवून ते म्हणाले, “दोन्हीस्नी आयकीसन हा म्हनं, ते करार. एकलाच ठरावस, तो हुकूम.” पुस्तकापेक्षा मला हे पटलं.

फायनल पास झाल्यावर मुलींच्या शाळेत मला शिकवायची जागा मिळाली. दोन वर्षांनी लग्न ठरलं. मुलगा गावातल्याच कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर. माझी शर्त एकच होती, शाळा सुटणार नाही. अब्बांनी ती तिकडे कळवली. मुलगा हो म्हणाला, त्याचे चुलते नुसते हसले. त्या हसण्यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. निकाह हासुद्धा करारच, त्यात शर्त लिहिता येते, असं काझींकडून समजल्यावर मी अब्बांच्या मागे लागले. लिहून घेऊ, असं त्यांनी कबूल केलं.

निकाहाच्या दिवशी पुरुष मांडवात, मी आतल्या खोलीत. रिवाजाप्रमाणे मामू दोन साक्षीदार घेऊन माझी संमती विचारायला आले. अशा वेळी नवरीनं मान खाली घालून बसायचं. ती गप्प बसली की हो धरायचं. भारीच सोयीचा रिवाज. मी विचारलं, “मन्ही शर्त लिखेल शे का?”

मामू गडबडले. मुलाच्या चुलत्यांनी ऐनवेळी काझींना लिहू दिलं नव्हतं. कमावती बायको नवऱ्याला जुमानत नाही, असं त्यांचं म्हणणं. “मंग लिखी लेसूत,” मामू म्हणाले, “आते हा म्हन.”

शेजारी अब्बांची थोरली बहीण, आमची फूफी, बसली होती. तिनं माझ्या मांडीला चिमटा काढला. “चूप ऱ्हाय. नवरी बोलस नही.”

गप्प राहिले तर तेच हो ठरणार होतं. लग्न मोडलं तर अब्बा गावात कुठल्या तोंडानं फिरतील, हा विचार मनात आलाच. तरी म्हटलं, “शर्त लिखा, वाची दखाडा, मंग हा. नही ते नही.”

मामू बाहेर गेले. मांडवात आवाज चढले; चुलते उठून निघाल्याचं आतून ऐकू आलं. मग एक आवाज आला, तोवर मी कधीच न ऐकलेला. मुलगा म्हणत होता, “शर्त लिखा. मी बी आयकसू, मंगच कबूल म्हनसू.”

त्या एका वाक्यावर मी भाळले, ती आजतागायत. काझींनी ओळ लिहिली आणि मोठ्यानं वाचली. मी इतक्या जोरात कबूल म्हटलं की पुढे कित्येक वर्षं त्यावरून माझी थट्टा चालायची.

फूफीनं माझी ओढणी सारखी केली. मग हळूच म्हणाली, “मन्हा निकाहले माले कोनी इचारंच नही. मी चूप व्हतू.” चिमट्याचा राग होता माझ्या मनात, तो कुठल्या कुठे गेला.

सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी फूफी नातीचं बोट धरून वर्गाच्या दारात उभी होती. म्हणाली, “हिले वाचाले शिकाड. इन्हा निकाहना कागद ई सोता वाची लेई.” मी पटावर नाव घातलं आणि पोरीला पहिल्या ओळीत बसवलं.