गाडी पुढून बसली होती

माझ्या नवऱ्याने पंचेचाळिसाव्या वर्षी जुनी ऑफ-रोड गाडी घेतली. उंच, जाड टायरांची, चिखलात घालायची. मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत ती दोन खांबांमध्ये जेमतेम मावायची. सहा महिन्यांत त्याने तिला पुढे जाडजूड लोखंडी बंपर लावून घेतला आणि त्यावर विंच बसवलं. गाडी रुतली की तार झाडाला अडकवून तिला बाहेर ओढणारं यंत्र. रविवारी त्याचा ग्रुप घोडबंदरपलीकडच्या कच्च्या रस्त्यांवर जायचा. बायकाही जायच्या, मीही जायचे.

वर्षभरात गाडीचं नाक खाली गेलं. बाजूने बघितलं तर मान खाली घालून उभी असल्यासारखी दिसायची. खड्ड्यात गेली की पुढून खाडकन आपटायची.

"तू पुढे बसतेस ना, म्हणून," नवरा म्हणाला. तेव्हा आम्ही दोघंच होतो आणि मी हसले. त्यानंतर तो ते ग्रुपमध्ये बोलायला लागला. "हिला मागे बसवतो, गाडी आपोआप लेव्हल होईल." सगळे हसायचे. मीसुद्धा.

माझं वजन वाढलेलं होतं, हे खरंच होतं. लग्नानंतर काही वर्षांनी मुलासाठी आमचे उपचार झाले. तीन वर्षं इंजेक्शनं चालली. मूल झालं नाही, सोळा किलो तेवढे अंगावर राहिले.

एका रविवारी सकाळी त्याने मला खाली पार्किंगमध्ये बोलावलं. ग्रुपमधले दोन मित्र आलेले होते. नवऱ्याच्या हातात मोजायची टेप होती आणि डाव्या चाकावरच्या पत्र्यावर त्याने खडूने रेघ मारून ठेवली होती.

"बस," तो म्हणाला. मी बसले. त्याने वाकून मोजलं.

"उतर."

मी उतरले.

"परत बस. नीट टेकून बस."

असं तीन वेळा झालं. वॉचमन खुर्ची वळवून बघत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेन भाजीची पिशवी घेऊन तिथेच थांबल्या. "बारा मिलिमीटर," नवऱ्याने जाहीर केलं. एका मित्राने सगळं मोबाइलवर घेतलं होतं. मी घरात पोचेपर्यंत ते ग्रुपवर पडलंही होतं. मी तिघांसाठी पोहे केले. वरून खोबरंसुद्धा घातलं. का बसले, तिसऱ्यांदा तरी का बसले, हे मी अजून स्वतःला विचारते.

पुढच्या शनिवारी तो गाडी घेऊन हाटकेशला एका गॅरेजमध्ये निघाला. "चल, वजन म्हणून लागशील," म्हणाला. मी गेले.

गॅरेजवाला साठीकडे आलेला, महाडकडचा माणूस होता. त्याने मला प्लॅस्टिकची खुर्ची दिली, फडक्याने पुसून. मग रिकाम्या गाडीभोवती फिरत, चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत, चारही बाजूंनी मोजलं आणि आकडे पुठ्ठ्यावर लिहिले.

"साहेब, मागची बरोबर आहे. पुढून दोन्हीकडे बसलीय. पण डावीपेक्षा उजवी दीड सेंटिमीटर जास्त खाली आहे."

"उजवी?"

"तुमची बाजू. रोज एकटेच चालवता ना?"

"हो, ऑफिसला."

"मग उजवीच जास्त बसणार." त्याने बंपरवर बोटांनी टकटक केलं. "आणि हे. विंच धरून नव्वद किलोच्या खाली नसेल. माणूस बसतो आणि उतरून जातो. हे उतरत नाही."

नवरा म्हणाला, "पण ही बसली की डावी खाली जाते. मी मोजलंय."

"जाणारच की. वहिनी, जरा बसता?"

मी बसले. त्याने मोजलं आणि सरळ उभा राहिला. "वहिनी एकट्या बसल्या तर दोन्ही बाजू जवळपास सारख्या येतायत."

तो हसला नाही. टोमणाही नव्हता. त्याला जे दिसलं ते त्याने सांगितलं. नवऱ्याचे कान लाल झालेले मी काचेतून बघितले.

काम तासाभराचं होतं. त्या गाडीला पुढे गुंडाळीची स्प्रिंग नसते. गाडीखाली दोन बाजूंना लांब पोलादी दांडे असतात. ते पिळले जातात आणि त्या पिळावर गाडीचा भार राहतो. त्याने पुढची चाकं जॅकवर उचलली, दांड्याच्या मागच्या टोकाचा बोल्ट उजवीकडे चार फेरे आवळला, डावीकडे दोन. गाडी खाली घेतली, पुढेमागे ढकलली, दाबून हलवली आणि परत मोजलं. मग उजवीकडे अजून अर्धा फेरा.

"अजून वर घ्या," नवरा म्हणाला.

"नको साहेब. जास्त पिळलं तर गाडी दगडासारखी होईल. त्यापेक्षा पुढचं लोखंड कमी करा."

परतताना मी त्याला माफ करू शकले असते. पण मला ते नको होतं. माणसांनी मला बघितलं तसं त्यालाही बघायला हवं होतं.

ते आठ दिवसांतच जमलं. रविवारी ग्रुप चहाला एका टपरीवर थांबला होता. एक नवीन जोडपं आलेलं होतं, मुलगी बारीक, पंचविशीची. नवरा तिला गाडी दाखवत, माझ्याकडे बोट करून म्हणाला, "लेव्हल करून आणलीय. आता हिला पुढे बसवायला हरकत नाही."

सगळे हसले. मी कप खाली ठेवला.

"गॅरेजवाल्याने मोजलं ना," मी म्हणाले. "डावी बाजू बरी निघाली. उजवी जास्त खाली होती, ह्यांची."

आता ते त्याच्यावर हसले. तोही ओशाळून हसला. तिथे थांबता आलं असतं.

"आमच्याकडे नेहमी असंच होतं," मी म्हणाले. "हॉस्पिटलमध्येही सुया मलाच टोचल्या, तीन वर्षं. वजन माझं वाढलं. रिपोर्टमध्ये दोष ह्यांचा होता. मला तर मूल होऊ शकत होतं."

मी हे शांतपणे बोलले, भाजीचा भाव सांगावा तसं. ती नवीन मुलगी कपात बघत राहिली. व्हिडिओ काढणारा मित्र उगाच टायरांतली हवा बघायला गेला. नवऱ्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. तो फक्त "चल" म्हणाला.

मला बरं वाटलं. चारेक दिवस चांगलंच बरं वाटत होतं, हे मी लपवणार नाही.

त्याने ग्रुप सोडला. गाडी अजून आहे. तो एकटा चालवतो.

बारा वर्षांपूर्वी रिपोर्ट हातात घेऊन हॉस्पिटलच्या जिन्यात तो रडला होता. "आईला सांगू नकोस," म्हणाला होता आणि मी कबूल केलं होतं. रोह्याला सासरी, लग्नाकार्यांत, सासूबाई सगळ्यांना माझ्यातच खोट आहे म्हणून सांगायच्या आणि मी वाढपाची भांडी उचलून आत जायचे.

पण ग्रुपमधल्या कुणाचं तरी गाव तिकडचं होतं. महिन्याभरात सासूबाईंचा फोन आला.

"चारचौघांत बोललीस ते खरं आहे का?"

"हो, आई."

मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. इतक्या वर्षांचं काहीतरी.

"बारा वर्षं गप्प राहिलीस," त्या म्हणाल्या, "अजून थोडी राहिली असतीस. मी काय आता फार दिवस आहे?"

त्यांनी फोन ठेवला. नवरा स्वयंपाकघरात स्वतःचं ताट वाढून घेत होता. माझं बोलणं त्याला ऐकू गेलं होतं.

"काय म्हणाली आई?"

"तब्येत विचारत होत्या."

त्याने मान हलवली, आमटीत पळी घातली, आणि ताट घेऊन आतल्या खोलीत गेला.