उंबऱ्याबाहेरची बाहुली

खून-दरोड्यांचे तपास पुष्कळ केले, पण ही घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं.

बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. नेकनूरकडची एक मेंढपाळ बाई नवऱ्याला घेऊन ठाण्यात आली. बँकेनं जप्त केलेलं गावातलं एक घर लिलावात निघालं होतं आणि तिला ते घ्यायचं होतं. मी गुन्ह्याची करतो तशी तिनं त्या घराची चौकशी केली होती. आत कुणी राहतं का, घरपट्टी थकलीय का, मधली भिंत कुणाची, उन्हाळ्यात बोअरला पाणी टिकतं का. सगळं पसंत पडलं होतं. पण रोज सकाळी घरासमोर लिंबू, बिब्बा आणि टाचण्या टोचलेली काळी बाहुली दिसायची. बघायला आलेली गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरत होती.

"सायेब, मला भ्या वाटत न्हाई," ती म्हणाली, "पर सासू म्हनती, त्या घरात पाय टाकनार न्हाई. अनामत भरायची मुदत संपत आली. हे घर गेलं तर लेकरं पुन्ना मेंढरामागंच."

ठाणे अंमलदार गालात हसला. मी त्याला झापलं, डायरीला नोंद घ्यायला लावली आणि दोन पंच घेऊन जागेवर गेलो.

पंचनामा करताना एक गोष्ट खटकली. सगळा पसारा फाटकाबाहेर, नालीच्या पलीकडे होता. पायरीवर कुंकवाचा कणसुद्धा नव्हता. करणी करणारा वस्तू उंबऱ्यात पुरतो, हे आमच्याकडं कुणीही सांगेल. हा गडी मात्र उंबऱ्याला जपत होता. समोरच्या हॉटेलवाल्यानं चहा देताना हळूच खबर दिली, "शेजारचा किरानावाला लिलावाची लई इचारपूस करतोय, सायेब."

किराणावाल्याला ठाण्यात बोलावलं. "आमी देवाधर्माची मानसं, असलं कशाला करू?" एवढंच त्याचं पालुपद. ताकास तूर लागू देईना. शेवटी मी बाहुली टेबलावर ठेवली आणि हवालदाराला म्हणालो, "ही नेऊन त्या घराच्या उंबऱ्यात पूर."

किराणावाला ताडकन उठला. "सायेब, आत नका नेऊ! माझ्या लेकाला ऱ्हायचंय तितं!"

अख्खं ठाणं हसलं. आपण काय बोलून गेलो, हे त्याला जरा उशिरा कळलं. मग त्यानं सगळं सांगितलं. बोलीच लागली नाही की राखीव किंमत उतरते, हे त्यानं कुठून तरी ऐकलं होतं; गिऱ्हाइकं पळवून घर लेकासाठी स्वस्तात घ्यायचा बेत होता. मी रीतसर कारवाई केली, पण त्याआधी त्या बाईच्या सासूला बोलावून तिच्यासमोर त्याला सगळं पुन्हा बोलायला लावलं. बाईनं त्याच दिवशी अनामत भरली आणि घर तिलाच सुटलं.

संशयिताला काय हवं आहे, हे आम्ही नेहमी शोधतो. तो कशाला भितो हेही शोधावं, हे मला या प्रकरणानं शिकवलं. लोकांना बाहुलीची भीती घालणारा स्वतःच तिला सगळ्यांत जास्त भीत होता.

वास्तुशांतीचं जेवण करून मी निघालो, तेव्हा सासू दारापर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, "आता खूश ना, मावशी?"

"आजवर कुनी घर कुटं म्हनून इचारलं, तर रानाकडं हात करायचे, सायेब," म्हातारी म्हणाली. "आता आत या म्हनते."