समाधानी असल्याचं कुणी लिहिलं?

आमची म्हैस मेली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, कान कापून ठेवा. विमा उतरवताना तिच्या कानात नंबरचा पिवळा बिल्ला ठोकला होता. तो बिल्ला कानासकट कंपनीला दाखवला तरच विमा मिळणार, असा नियम. माझे सासरे, ज्यांना सगळं घर आबा म्हणतं, ते ऐकूनच उठले. "आठ वर्सं दूध पिलो तिचं. आता कान कापून डब्यात भरू व्हय?" लासूर स्टेशनच्या अलीकडं आमचं शेत आहे. तिथं बांधाला खड्डा घेतला, हळदीकुंकू वाहिलं, पोतंभर मीठ टाकलं आणि बिल्ल्यासकट तिला पुरून टाकलं. वाडवडील मेंढरं राखायचे तेव्हापासून आमच्यात धन्याच्या लाडक्या जनावराला असाच निरोप देतात. चूक होती म्हणा, पण मला तिची आजही लाज वाटत नाही.

डॉक्टरांनी म्हैस मेल्याच्या दाखल्यावर बिल्ल्याचा नंबर लिहिला होता. तोच जोडून विम्याचा दावा केला. मला वाटलं, तेवढं पुरेल. कसलं काय! महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं: मृत जनावर विमा उतरवलेलेच होते हे सिद्ध होत नाही, दावा संशयास्पद. मीच आबांना वाचून दाखवलं.

"संशयास्पद म्हंजे?"

मी जरा घोळवून सांगायला बघितलं.

"सरळ सांग, बाई. खोटं म्हणतेत ना मला?"

मी मान डोलावली. त्यातच दूध केंद्रावर कुणीतरी त्यांना विचारलं, काय आबा, म्हैस पुरली का विकली? गमतीनंच विचारलं असंल. पण आबांनी केंद्रावर जायचंच सोडलं. घरात बसून राहायचे, जेवण निम्मं टाकायचे. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी चिकलठाण्यात एका कारखान्यात तयार मालाच्या तपासणीला आहे. जेवणाच्या सुट्टीत मोबाइल काढला आणि विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी पोर्टलवर आबांच्या वतीनं तक्रार टाकली. दाखल्याचा फोटो जोडला, फोन नंबर माझाच दिला. दहा दिवसांत मेसेज आला, तक्रार निकाली. खाली कारण: ग्राहकास नियम समजावून सांगितला, ग्राहक समाधानी.

अगं बाई! मला ना कुणाचा फोन, ना चिठ्ठी, आणि मी समाधानी?

हा खेळ मला नवा नव्हता. आमच्या कारखान्यात बाहेरचे तपासनीस यायच्या आदल्या दिवशी बाद मालाच्या लाल पेट्या मागच्या शेडमध्ये जातात आणि कागदावर सगळं झकास दिसतं. मीही त्या उचलल्यात, खोटं कशाला बोलू? वर बसलेल्याला कागदच दिसतो. किती तक्रारी आल्या, किती मिटल्या, हे कंपन्यांना सरकारला कळवावं लागतं. म्हणजे माझी तक्रार ही त्यांची लाल पेटी. पण मी काही मागच्या शेडमध्ये गुमान बसून राहणार नव्हते.

रजा टाकली आणि जालना रोडवरचं त्यांचं ऑफिस गाठलं. मॅनेजर तरुण, बोलायला लई गोड. "ताई, खड्डा उकरून कान तेवढा आणून द्या, आठ दिवसांत तुमचं काम करतो."

"हे तुम्हीच येऊन सांगा आमच्या सासऱ्यांना. फावडं मी देते."

तो हसला. मी नाही हसले. मग म्हणाला, तक्रार तर बंद झालीय, आता सिस्टिममध्ये काही करता येत नाही.

"बंद झाली नाय, तुम्ही केली. मी समाधानी आहे असं मी कुणाला सांगितलं? कधी? तुमचे फोन रेकॉर्ड होतात ना? ऐकवा मला."

त्याचं गोड बोलणं तिथंच आटलं.

त्याच्याच समोरच्या खुर्चीत बसून मी मोबाइलवर पोर्टलवरची तक्रार पुन्हा उघडली. लिहिलं: मी समाधानी नाही. समाधानी असल्याचं कुणी लिहिलं, त्याचं नाव आणि माझ्या बोलण्याचं रेकॉर्डिंग द्यावं. घरी नवरा म्हणाला, "कशाला नादी लागतीस? मोठी लोकं हायेत ती." मी म्हणलं, एवढी मोठी हायेत तर खोटं लिहायची पाळी का आली?

रेकॉर्डिंग नव्हतंच, देणार कुठून? वरून विचारणा झाली असावी. कारण तीन आठवड्यांनी तोच मॅनेजर आमच्या शेतातल्या घरी हजर. दावा पूर्ण मंजूर म्हणाला, फक्त एका कागदावर आबांची सही हवी. मी कागद मोठ्यानं वाचला. तक्रार गैरसमजातून केली होती, ती मागे घेत आहे.

"गैरसमज कुणाचा झाल्ता?" आबांनी खाटेवरून विचारलं.

"आबा, ती नुसती पद्धत असते."

"मग तुमच्या पद्धतीवर तुम्हीच सही करा."

कागद आल्या पावली परत गेला. मला तर टाळ्या वाजवाव्या वाटल्या.

पुढं सहीशिवायच पैसे जमा झाले. पाठोपाठ पोर्टलचा मेसेज आला: तक्रारीच्या निवारणाबाबत आपण समाधानी आहात का? खाली होय आणि नाही. रविवार होता, आम्ही सगळे शेतावरच होतो. "दाब होय आणि मिटव एकदाचं," नवरा म्हणाला. खरं सांगते, माझाही अंगठा होयकडंच चालला होता. दमले होते मी.

"काय म्हणतंय त्ये?" आबांनी विचारलं. मी सांगितलं.

"मला खोटं म्हणले ते पत्र मागं घेतलं का त्यांनी?"

"नाय, आबा."

"मग नाय दाब."

मी 'नाही' दाबलं. खाली कारण लिहायला मोकळी जागा होती. काय लिहू, म्हणून मी त्यांच्याकडं बघितलं.

"लिही," आबा म्हणाले, "म्हैस आमचीच होती."