बाराव्याच्या पानावर पनीर

काकींच्या बाराव्याला त्यांच्याच नावाने काढलेल्या पानावर पनीर वाढलं होतं.

मला राग आलाय. आणि तो मी गिळणार नाही.

काकी म्हणजे बोईसरजवळच्या पाम गावातल्या आमच्या घरमालकीण. ऐंशीच्या दशकात नवऱ्याला बोईसरला कंपनीत नोकरी लागली आणि मी सांगलीहून थेट त्यांच्या मागच्या खोलीत येऊन पडले.

थंडी पडली की काकी परसात उकडहंडी लावायच्या. मडक्यात बटाटे, कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ. पाण्याचा थेंब नाही. तोंडाशी पाला कोंबून मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा.

गरम बटाटा फुंकर मारत सोलताना काकींचा चेहरा बघायला हवा होता. लग्नातल्या जिलबीलाही त्या एवढ्या खुलायच्या नाहीत.

एकदा माझ्या भावाने मुंबईहून चीजचा डबा आणला. काकींनी चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, हे हंडीत घालू.

घातलं सगळ्यात शेवटी, पाल्याला लागून.

मडकं पालथं. चीज वितळून पाल्यातून सरळ मातीत!

नवरा कपाळाला हात लावून बसला. एवढी महागाची वस्तू वाया घालवली म्हणाला.

काकी शांत.

"इसरलेच मी, हंडी उलटी ऱ्हाते. पुढल्या टायमाला आदी घालू, तळाला. मंग बटाट्यावर गळंल."

पुढच्या वेळी तसंच केलं.

आणि तो चीज लागलेला बटाटा मिळावा म्हणून बहिणीशी मारामारी कोणी केली होती?

रमेशने. काकींच्या थोरल्याने. हो रे, मुद्दाम टॅग केलंय.

बाराव्याच्या आदल्या दिवशी मी याला म्हटलं, पानासाठी हंडी मी लावते. तर म्हणाला, "वहिनी, लोक काय म्हणतील? आईला शेवटीपण कंदमुळंच घातली?"

कंदमुळंच?

अरे, तुझी आई नाइलाज म्हणून खात नव्हती. तिला जिवापाड आवडायचं ते.

पनीर तिने तुझ्याच मुलाच्या लग्नात ताटात बाजूला सारलं होतं. मी शेजारी बसले होते. तू पाहुणे सांभाळत होतास.

लोक जेवून गेले. केटररची स्तुती करून गेले. काकींना काय आवडायचं, हे एकानेही विचारलं नाही.

काकी, आज माझ्या दारात मडकं पालथं घातलंय.

चीज आधी घातलंय. तळाला.

पहिला बटाटा तुमचा. या.