डाळिंबाच्या अंगावर आहेराच्या साड्या

आमच्या बागेत डाळिंबापेक्षा किस्सेच जास्त लागत्यात. एक तोडावा तर तितं दोन फुटत्यात!

आमी माढ्याजवळचे. पानी पुरंना म्हनून आण्णांनी ऊस मोडून डाळिंब लावलं. पयलंच फळ हाय, आन ऊन असं की कवळी फळं एका अंगानं भाजून काळी पडाय लागली. काळं फळ व्यापारी हातात बी धरत न्हाय.

मोबाईलवर मेसेज आला, 'उद्या पाऊस.' आण्णांनी फवारनी थांबवली. दुसऱ्या दिवशी ढग आला, बागेवर जरा थांबला आन गेला शेजारच्या केम गावाकडं. आण्णा म्हनले, "त्याला मेसेज पोचला न्हाय वाटतं!"

मग कुनीतरी सांगितलं, झाडांवर जुन्या साड्या टाका, सावली हुती. आईनं ट्रंक रिकामी केली. बाग नटून उबी! शेजारचे तात्या चष्मा इसरून आलेले. बांधावरनं म्हनले, "आज लई बायका लावल्या की खुरपायला!" मी झाडामागनं बारीक आवाजात, "च्या घ्या की भावजी!"

तात्या चपला काढून बसले बी!

पन साडीखाली खरंच गार असतंय का? मला राहवंना. घरातला ताप बगायचा थर्मामीटर शेवटच्या ओळीतल्या उगड्या फळाला लावला. पारा पार शेवटाला! झटकून साडीखालच्या फळाला लावला, तर जरा खालीच थांबला. पळत जाऊन सांगितलं, "आण्णा, शेवटच्या ओळीला ताप हाय!"

"साड्या संपल्या की रं. आता काय माझी कापडं घालू?"

मी लगीच एका झाडाला त्यांचा लग्नातला कोट घातला. बटनं लावून!

तेवढ्यात केमची आत्या आली, आण्णांची भन. फाटकाजवळच्या झाडावर तिनंच आईला दिलेली आहेराची साडी. (तितं मीच टाकलेली. मुद्दाम!)

"वैनी, माज्या साडीची घडी बी मोडली न्हाय तुमी?"

"मोडली की वन्सं. झाडानं मोडली!"

आत्या सगळी बाग बगत शेवटच्या ओळीपर्यंत गेली, आन च्या न घेताच परत एस्टीत बसली.

पुढं तिच्या पोरीचं लगीन. आई भीतभीतच गेली. आहेराला आत्यानं भर मांडवात हाक मारली आन आईच्या वटीत लुगडं ठेवलं. नऊवारी!

आई म्हनली, "वन्सं, मी कुटं नऊवारी नेसती?"

"तुमाला कोन देतंय? सहावारी झाडाला आखूड पडती!" आत्यानं मागचं जुन्या लुगड्यांचं गठुडं पुढं वडलं. "आन ही शेवटच्या ओळीची!"